उठणं पाहणाऱ्या मावशी

माणूस जमिनीवरून उठतो कसा, एवढं पाहून मावशी त्याच्या गुडघ्याचं सगळं सांगायच्या. कोणता गुडघा, कुठल्या बाजूनं, साधारण किती दिवसांपासून, आणि पुष्कळदा कशामुळे हेही. आमच्या पिपरी मेघेच्या विहारात रविवारी सकाळी सामुदायिक वंदना असते. शे-पन्नास माणसं सतरंजीवर गुडघे टेकून तीनदा वाकतात, मग बसतात आणि तासाभरानं उठतात. त्या उठण्याच्या दोन मिनिटांत मावशींची नजर सगळ्यांवरून फिरून यायची. "बसताना माणूस लबाडी करते," त्या म्हणायच्या. "सावकाश टेकते, हसते, पदर सारखा करते. उठताना नाई करता येत." हे ऐकल्यापासून मी विहारात कधी निवांतपणे उठले नाही.

त्या कुणाच्याच सख्ख्या मावशी नव्हत्या. मोठ्या दवाखान्यातल्या हाडांच्या ओपीडीत त्यांनी तीस वर्षं आयाचं काम केलं होतं, आणि दवाखान्यातल्या सगळ्या आयांना मावशीच म्हणतात. निवृत्त होऊन पिपरीत दोन खोल्यांचं घर बांधलं तरी नाव तेच राहिलं. ठेंगणी मूर्ती, कडक इस्त्रीची पांढरी साडी, चष्म्याला काळी दोरी. विहारात त्यांची जागा ठरलेली होती, मागच्या कोपऱ्यात, गजांच्या खिडकीखाली. विहाराची किल्ली त्यांच्याकडे असायची. त्यामुळे त्या सगळ्यांच्या आधी यायच्या आणि शेवटचा माणूस बाहेर पडल्यावर कुलूप लावून निघायच्या. आम्ही आलो की त्या बसलेल्या दिसत आणि आम्ही निघालो तरी बसलेल्याच असत.

ही विद्या त्या शिकल्या कुठं, असं मी एकदा विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "डॉक्टर लोक गुडघा पाहतात तो टेबलावर झोपवलेला. बाकड्यापासून टेबलापर्यंत पेशंटले आणाचं काम मायं होतं. थेवढा गुडघा माया." बाकड्यापासून टेबलापर्यंत असतील दहा-बारा पावलं. पण तीस वर्षं, रोज, शेकड्यानं माणसं त्यांच्या खांद्यावर हात ठेवून ती दहा-बारा पावलं चालली होती. कुणाचा भार कुठल्या पायावर पडतो हे त्यांना खांद्याला कळायचं. डॉक्टर काय सांगतात हे मग कानावर पडायचंच. पुढंपुढं म्हणे डॉक्टरांनी सांगायच्या आत त्या मनाशी ठरवून टाकायच्या आणि बरोबर निघालं की एक पान जास्तीचं खायच्या.

आमच्या वस्तीत एक निवृत्त मुख्याध्यापक आहेत. जन्मभर दुसऱ्यांच्या परीक्षा घेतलेला माणूस, त्यांना कुणी काही सांगावं हे त्यांना कधी रुचत नाही. एका रविवारी ते उठले, चप्पल घालायला निघाले, तर मावशींनी मागून विचारलं, "सर, गुडघ्याले मधामधात कुलूप लागते का?" सर जागच्या जागी थांबले. जिना उतरताना त्यांचा गुडघा अर्ध्यात अडकायचा. पाय झटकला की टक्‌ करून सुटायचा. हे त्यांनी घरात बायकोलाही सांगितलेलं नव्हतं. मावशींनी पुढचा प्रश्न टाकला, "पाय रोवलेला आणि आंग फिरलं, असं काही झालतं का?" झालं होतं. हिंगणीला मेहुण्याकडे गेले असताना कालव्याच्या काठावरची नाली ओलांडताना तोल गेला होता. "गादी फाटली असन आतली," मावशी म्हणाल्या. "फोटोत नाई दिसत थे. मोठ्या मशिनीत दिसते. दाखवजा." महिन्याभरानं सरांनी रिपोर्ट आणून दाखवला आणि गादी फाटली होती. तेव्हापासून सर मावशींच्या समोरून उठताना अगदी शाळेतल्या पोरासारखे सरळ उठत.

एका बाईंच्या बाबतीत तर मावशींनी गुडघ्याचं नावही काढलं नाही. अंगणवाडीत काम करणाऱ्या तिशीच्या ताई होत्या, दोन्ही गुडघे धरून उठायच्या. आम्हाला वाटलं, दिवसभर पोरांमागं उठबस करतात, दुखत असतील. मावशी त्यांना बाजूला घेऊन म्हणाल्या, "सकाळी उठल्या उठल्या वेणी घालता येते का तुले?" ताई एकदम रडायलाच लागल्या. दोन महिन्यांपासून त्यांची मुलगीच आईची वेणी घालून देत होती, कारण सकाळी दोन तास बोटं वळायचीच नाहीत. "हे गुडघ्याचं नाई, सगळ्या सांध्यांचं दुखणं आहे," मावशी म्हणाल्या. "दुकानातून गोळी आणून खाजो नको. रक्त तपासजो." तो संधिवात निघाला, तरुणपणी होतो तसला. औषधं वेळेत सुरू झाली. वेणीचं कसं सुचलं, असं मी विचारलं तर मावशी म्हणाल्या की तिची वेणी नेहमी एका बाजूला झुकलेली असायची आणि आता एकदम मधोमध येऊ लागली, म्हणजे कुणीतरी दुसरंच घालून देत होतं. मी थक्क झाले. आम्ही सगळे तीच वेणी रोज पाहत होतो.

मात्र उपचाराच्या वाटेला त्या कधी गेल्या नाहीत. तेल नाही, लेप नाही, चोळणं नाही. "मी फक्त कुठं दाखवाचं थे सांगतो," एवढंच. बाजारातून गुडघ्याचे पट्टे आणून घालणाऱ्यांवर त्यांचा भारी राग. "टोपी काऊन घातली गुडघ्याले? थंडी वाजून राह्यली का त्याले?" असं भर विहारात विचारायच्या. चार घरची फरशी पुसणाऱ्या एक बाई होत्या, त्यांच्या गुडघ्याच्या वाटीवर लिंबाएवढी मऊ गाठ आली होती. गाठ म्हटल्यावर त्या बाईंनी मरणाची तयारी केली होती. मावशींनी लांबूनच पाहून सांगितलं की हे पाणी आहे, गुडघे टेकून फरशी पुसून पुसून भरलेलं. डॉक्टरला दाखव आणि दांडीचा पोछा घे. बाईंचं मरण तेवढ्यावर टळलं.

आता माझं सांगते. तेव्हा मी वीस वर्षांची होते आणि पोलीस भरतीची तयारी करत होते. पहाटे मैदानावर पळायचं, गोळा फेकायचा, घरी येऊन सामान्यज्ञानाची पुस्तकं. आमच्या घरात कुणी वर्दी घातली नव्हती. मी घालणार हे मी ठरवून टाकलं होतं, आणि वडिलांनी तर आंजीच्या सगळ्या नातेवाइकांत आधीच सांगूनही टाकलं होतं. सहाएक महिने झाले आणि डावा गुडघा आतल्या बाजूनं दुखू लागला. मैदानावरचे सर म्हणाले, पळून पळून मोकळा होईल. मी बर्फ लावला, फवारा मारला, आणि हो, टोपीही घातली, विहारात जाताना काढून ठेवत होते. शेवटी आईबरोबर गावातल्या एका डॉक्टरांकडे गेले. गुडघ्याचा फोटो अगदी स्वच्छ. डॉक्टरांनी विचारलं, "आधीचा काही आजार?" मी म्हटलं, "नाही." आई शेजारी बसली होती. ती खाली पाहून पदराचं टोक नीट करत राहिली.

आजार होता. शाळेत असताना रक्ततपासणीच्या शिबिरात मला सिकलसेल निघाला होता, आई-बापाकडून रक्तात येणारा आजार. आमच्याकडे हे नाव कुणाला समजावून सांगावं लागत नाही. माझा त्रास कमी होता. लहानपणी एकदा रक्त चढवलं होतं, कधीमधी अंग दुखायचं, बाकी मी धडधाकट. शिबिरात मिळालेलं कार्ड आईनं रुमालात बांधून साड्यांच्या पेटीत तळाशी ठेवलं होतं. "कोणाले सांगू नको व बाई," तिनं सांगितलं होतं. "पुढं लग्न जमाचं आहे तुयं." मला लग्नाची फिकीर नव्हती, मला भरतीची होती. आईनं लग्नासाठी लपवलं आणि मी वर्दीसाठी, पण लपवण्यात आमच्या दोघींचं एकमत होतं. हाडाच्या दुखण्याशी रक्ताचा काही संबंध असेल हे दोघींच्याही डोक्यात आलं नाही.

मावशींनी मला तीन रविवार पाहिलं आणि काही म्हणाल्या नाहीत. हे भलतंच होतं. त्या कुणालाही पहिल्याच दिवशी सोडत नसत. चौथ्या रविवारी सगळे चपला शोधत असताना त्यांनी हाक मारली, "थांब व पोरी. मांडी घाल माह्यासमोर." मी घातली. उजवा गुडघा सतरंजीला टेकला, डावा वरच राहिला. त्यांनी त्याच्याखाली तळहात सरकवला आणि तो आरामात आत गेला. मग त्यांनी मला आडवं व्हायला सांगितलं. माझ्या पाहण्यात त्यांनी कुणाला हात लावल्याची ही पहिलीच वेळ. गुडघा वाकवून त्यांनी पाऊल हळूच बाहेरच्या बाजूला वळवलं आणि माझ्या जांघेत अशी कळ आली की मी ओरडलेच.

"गुडघा फुकटचा बोंबलून राह्यला," त्या म्हणाल्या. "दुखणं वरून येऊन राह्यलं. खुब्यातून." "विसाव्या वर्षी खुबा असा उगाच नाई दुखत." मग आवाज अगदी खाली आणून विचारलं, "सिकलचं कार्ड आहे का तुयापाशी?"

"नाही," मी म्हटलं.

तासाभरापूर्वी, त्याच सतरंजीवर, खोटं बोलणार नाही असं शील मी सगळ्यांबरोबर मोठ्या आवाजात घेतलं होतं. मावशी रागावल्या नाहीत. "बरं. जा मंग," एवढंच म्हणाल्या आणि चष्मा पुसायला लागल्या. मी बाहेर आले, चप्पल घातली, फाटकापर्यंत गेले, आणि माझा पाय पुढं निघेना. मला मनापासून लाज वाटत होती. सांगून टाकावं म्हणून मी परत फिरले.

दारात आले आणि तिथंच थांबले. मावशी उठत होत्या. आधी त्या दोन्ही हातांवर आल्या, रांगत्या मुलासारख्या. मग एका हातानं खिडकीचा खालचा गज धरला, मग दुसऱ्या हातानं त्याच्या वरचा. दात आवळलेले, कपाळावरून घाम निथळत होता. गुडघ्यांचा करकर आवाज मला दारापर्यंत ऐकू आला. मध्ये एकदा त्या थांबल्या, गजाला डोकं टेकून श्वास घेतला, आणि पुन्हा वर ओढू लागल्या. उभ्या राहिल्या तेव्हा मला दिसलं की त्यांचे पाय धनुष्यासारखे वाकले आहेत. साडीच्या निऱ्यांत ते कधी कळलं नव्हतं. मग त्यांनी चेहरा पुसला, किल्ली उचलली आणि वळल्या.

"किती वेळची उभी आहेस?"

"आत्ताच आले."

"हे दुसरं खोटं," मावशी म्हणाल्या. "आता खरं बोल."

मी दारातच सगळं सांगितलं. कार्ड, रुमाल, पेटी, वर्दी. मी रडत विचारलं, "पण मावशी, तुम्ही? तुम्ही तर रोज डॉक्टरांच्या शेजारी होता."

त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. "दाखवले असते तर मले रेकॉर्डच्या खोलीत बसवलं असतं," त्या म्हणाल्या. "हलकं काम म्हणून. फायली भेटल्या असत्या तिथं, माणसं नाई. म्हणून लपवले. मंग लपवाची सवय झाली. रिटायर झाल्यावर वाटलं, आता लोकं म्हणतीन, हिले सगळ्यांचं समजते आणि हिचेच असे." सगळ्यांच्या आधी येणं आणि सगळ्यांच्या नंतर जाणं, ती विहाराची किल्ली, याचा अर्थ मला तेव्हा कळला. इतक्या वर्षांत त्यांचं उठणं कुणी पाहिलंच नव्हतं. ज्या दुखण्यानं दुसरा माणूस अंथरुणाला खिळला असता, ते घेऊन या बाईनं वर्षानुवर्षं आमच्यासारख्यांना खांद्याचा आधार दिला होता.

"तू पेटी उघड," त्या म्हणाल्या. "मंगळवारी तू कार्ड घेऊन येजो, मी गुडघे घेऊन येतो."

आईला मी घरी जाऊन सांगितलं तेव्हा ती खूप वेळ पेटीवर हात ठेवून बसली. "सगळ्यायले माहीत होईन मंग," ती म्हणाली. मी म्हटलं, "होऊ दे." मंगळवारी निघताना तिनं स्वतःच रुमाल काढला, न सोडता माझ्या हातात दिला आणि चप्पल घालून आमच्याबरोबर निघाली.

दवाखान्यात मावशींना पाहून ओपीडीतली माणसं धावत आली. थेट आत चला म्हणाली. मावशी हलल्या नाहीत. नंबर काढला आणि बाकड्यावर माझ्या शेजारी बसल्या. ज्या बाकड्यावरून त्यांनी जन्मभर दुसऱ्यांना उठवलं, त्याच बाकड्यावर. नाव पुकारल्यावर त्यांच्या जागी आलेली नवी आया पुढं झाली. मावशींनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला. मी मागून चालत होते. त्यांची ती दहा-बारा पावलं मी एकेक करून मोजली.

माझं कार्ड पाहताच डॉक्टरांनी गुडघा सोडून खुब्याची तपासणी लिहून दिली. मावशी म्हणाल्या होत्या तेच निघालं. सिकलसेलमुळे खुब्याच्या हाडाच्या गोळ्याला रक्त पोचत नव्हतं आणि हाड आतून मरू लागलं होतं. अजून ते खचलं नव्हतं, म्हणून एका छोट्या शस्त्रक्रियेनं ते वाचवण्याची आशा होती. पळणं मात्र कायमचं बंद. मी तिथंच ढसाढसा रडले. मावशींनी मला रडू दिलं. मग म्हणाल्या, "पळाची नोकरी गेली व पोरी. बसाच्या नोकऱ्या भल्ल्या पडल्या आहेत." त्या वेळी मला त्यांचा रागच आला. पण खुबा वाचला. कुबड्या सुटल्या, मी चालू लागले, आणि आज सेलूच्या एका कार्यालयात बसायच्या नोकरीवर स्वतःच्या पायांनी चालत जाते.

मावशींच्या गुडघ्यांचे फोटो तरुण डॉक्टरांनी उजेडावर धरले, परत जवळ आणून पाहिले. मग विचारलं, "मावशी, तुम्ही चालता कशा?" मावशी म्हणाल्या, "पायानं." दोन्ही सांधे बदलावे लागले, आधी एक आणि काही महिन्यांनी दुसरा. खिडकीखालची जागा तेवढे दिवस रिकामी होती. गर्दी झाली तरी तिथं कुणी बसलं नाही. सर दर रविवारी त्या जागेकडे पाहून मगच उठायचे.

मावशींना जाऊन आता दोन वर्षं होतील. एका दुपारी झोपेतच गेल्या, कुणाला उठवायचा त्रास न देता. त्यांच्या घरासमोर त्या दिवशी एवढी माणसं जमली होती, आणि त्यातली कितीतरी मावशींनी वेळेत दाखवायला पाठवलेल्या पायांवर उभी होती. मला त्यांची आठवण रोज येते. बसमधून कुणी उतरलं, कार्यालयात कुणी खुर्चीवरून उठलं, की माझे डोळे आपोआप गुडघ्यांकडे जातात. मला त्यातलं त्यांच्या शंभराव्या भागाइतकंही कळत नाही, पण "दाखवून घ्या" एवढं म्हणायला मी आता लाजत नाही. कार्ड माझ्या पर्समध्ये असतं, रुमालाशिवाय.

पण मला त्या दिसतात त्या दुसऱ्या ऑपरेशननंतर पहिल्यांदा विहारात आल्या त्या रविवारच्या. गुडघे टेकायला डॉक्टरांची मनाई होती, म्हणून मी खिडकीखाली खुर्ची ठेवली. त्यांनी ती उचलायला लावली आणि सगळ्यांच्या मध्ये, बुद्धमूर्तीच्या समोर मांडायला लावली. वंदना झाली. आम्ही उठायच्या बेतात होतो, तेवढ्यात मावशींनी खुर्चीच्या हातांवर तळवे टेकवले, पुढं झुकल्या आणि सगळ्यांच्या आधी उभ्या राहिल्या. कसला आवाज नाही, कुणाचा आधार नाही. पाय सरळ झाल्यानं दोन बोटं उंच दिसत होत्या. अर्धवट उठलेली माणसं पुन्हा खाली बसली. मावशी सतरंजीच्या मधून चालत दारापर्यंत गेल्या, वळल्या आणि कमरेवर हात ठेवून आमच्याकडे पाहू लागल्या.

"काय पाहून राह्यले सगळे?" त्या म्हणाल्या. "उठा आता. एकेक जण उठा. पाहू द्या मले."

आणि आम्ही सगळे, मुख्याध्यापक सरांपासून सुरुवात करून, एकेक करून उठलो.